शुक्रवारची संध्याकाळ, भिंतीवरचा प्रेस आणि चौकोनी पिझ्झा

भारतातून आई-वडील आले की त्यांना काय काय दाखवायचं, याची एक यादी आपल्या प्रत्येक घरात तयार असते. पहिल्या वीकएण्डला नायगारा, दुसऱ्या वीकएण्डला शिकागो, मधल्या वारी नोव्हायचं बालाजी मंदिर आणि कॉस्टको, आणि पाहुणे जरा चालणारे असले तर डिअरबॉर्नचं हेन्री फोर्ड म्युझियम. ही यादी तीन-चार आठवड्यांत संपते. पाहुणे मात्र सहा महिन्यांसाठी आलेले असतात. मग उरतो तो सोफा, टीव्ही आणि खिडकीतून दिसणारं शेजाऱ्याचं गवत कापणं.

आमच्या बाबांचं २०२३ साली तेच झालं. आदल्या वर्षी आई गेली. चिंचवडच्या घरात ते एकटे, म्हणून आग्रह करकरून बोलावून घेतलं. ऑगस्टमध्ये आले, आणि ऑक्टोबर उजाडेपर्यंत "माझं तिकीट अलीकडचं करून मिळतं का बघ" हे वाक्य आठवड्यातून दोनदा तरी ऐकू यायला लागलं. भांडण नाही, तक्रार नाही. नुसतं बोलणंच नाही. नातवंडांनी काही विचारलं की मान हलवायची, झालं. आम्हां दोघांना वाटायचं, आई गेल्यापासून असे झालेत. मुलांना वाटायचं, आजोबांना आपलं मराठी आवडत नाही. (आमच्या मुलांचं मराठी रविवारच्या शाळेतलं. थोरली अजून कधी कधी 'मी आलो' म्हणते. पण बोलते तरी.)

दिवसभर बाबा टीव्ही बघायचे, तोही आवाज बंद करून. तेव्हा मोटार कामगारांचा संप चालू होता. १५ सप्टेंबरला सुरू झालेला, तिन्ही मोठ्या कंपन्यांविरुद्ध एकदम. बातम्यांत रोज तेच दिसायचं: लाल शर्ट, हातात फलक, गेटपाशी पिंपात पेटवलेली लाकडं. बाबा पुढे सरकून बघत बसायचे.

"किती दिवस झाले रे?"

"महिना होऊन गेला, बाबा."

"मग अजून काहीच नाही," म्हणाले, आणि पुन्हा गप्प.

प्रस्तुत लेखक धंद्याने मोटारीतलाच. पण कॉम्प्युटरपुढे बसून. पत्रा डायमध्ये दाबला की कुठे फाटेल, कुठे सुरकुती पडेल, हे आधीच पडद्यावर काढून द्यायचं. बाबा भोसरीच्या एका कारखान्यात तीस वर्षं पॉवर प्रेसवर होते, म्हणजे म्हटलं तर बापलेकांचा धंदा एकच. पण या विषयावर आम्ही कधी बोललो नव्हतो. का नाही, याचं उत्तर त्या संध्याकाळपर्यंत आम्हालाही नीट माहीत नव्हतं.

ही संध्याकाळ घडली थोरलीमुळे. तिच्या आर्टच्या वर्गात एक गृहपाठ होता: डेट्रॉइट इन्स्टिट्यूट ऑफ आर्ट्समध्ये जायचं, एक चित्र निवडायचं आणि त्यापुढे अर्धा तास बसून काय दिसतं ते लिहायचं. शुक्रवारी म्युझियम रात्री नऊपर्यंत उघडं असतं. हिने ठरवून टाकलं की सगळेच जाऊ, नंतर बाहेरच जेवू, आणि बाबांना घरी एकटं ठेवायचं नाही. तारीख २० ऑक्टोबर. नवरात्र चालू होतं, पण बाबांचा उपास उठता-बसता, त्यामुळे जेवणाची अडचण नव्हती.

एक कबुली इथेच देऊन टाकतो. प्रस्तुत लेखकाने एम. एस. केलं ते वेन स्टेट युनिव्हर्सिटीत. ज्यांना तो भाग माहीत आहे त्यांना कळेल की हे म्युझियम तिथून चालत पाच-सात मिनिटांवर. त्या दोन वर्षांत दारातल्या रोदँच्या 'विचारवंता'वरून शेकडो वेळा गेलो. जानेवारीत त्याच्या डोक्यावर बर्फ साठलेला बघून कीवही केली. पण पायऱ्या एकदाही चढलो नाही. ग्रोसरी, असाइनमेंट आणि असिस्टंटशिप यांत चित्रं कुठे बसतात? पुढे नोकरी लागली, उपनगरात घर झालं, आणि मग तर 'डाऊनटाऊन' म्हणजे विमानाने आलेल्या पाहुण्याला गाडीच्या काचा वर करून दाखवायची गोष्ट झाली. आपल्यापैकी पुष्कळांचं असंच झालं असणार.

आता तर कारणही उरलेलं नाही. २०१२ साली वेन, ओकलंड आणि मॅकम्ब या तिन्ही काउंटींच्या मतदारांनी म्युझियमसाठी घरपट्टीत थोडी वाढ मान्य केली, तेव्हापासून तिथल्या रहिवाशांना प्रवेश फुकट आहे. म्हणजे ते पैसे आपण भरतोच आहोत. मराठी माणसाला एवढं सांगितलं तरी पुरे.

आत शिरलं की मोठा दिवाणखाना लागतो, आणि तो ओलांडला की रिव्हेरा कोर्ट. वर काचेचं छत, खाली दगडी फरशी, आणि चारही भिंती चित्रांनी भरलेल्या. मेक्सिकोचा चित्रकार दिएगो रिव्हेरा १९३२ च्या एप्रिलमध्ये इथे आला, बायको फ्रिडा कालोसह. पैसे दिले हेन्री फोर्डच्या मुलाने, एड्सेल फोर्डने. रिव्हेराने डिअरबॉर्नच्या रूज कारखान्यात आठवडेच्या आठवडे घालवून स्केचेस केली, जुलैत रंगवायला सुरुवात केली आणि १९३३ च्या मार्चमध्ये सत्तावीस भाग पुरे केले. त्यातले उत्तर आणि दक्षिण भिंतींवरचे मुख्य भाग सुमारे पंचेचाळीस-पंचेचाळीस फूट लांब आहेत. उत्तरेच्या भिंतीवर त्या वर्षीच नव्याने निघालेल्या फोर्ड व्ही-८ इंजिनाचं ओतकाम, भोकं पाडणं, जोडणी. दक्षिणेच्या भिंतीवर गाडीची बॉडी, प्रेस, शेवटची असेंब्ली. गंमत म्हणजे एवढ्या उलाढालीत तयार झालेली गाडी शोधावी लागते. दूर मागे एक लालसर ठिपका, तीच. बाकी सगळी माणसं आणि मशिनं.

काळ मंदीचा होता हे विसरायचं नाही. रिव्हेरा यायच्या महिनाभर आधी, ७ मार्च १९३२ ला, बेकारांचा मोर्चा याच रूज कारखान्यावर गेला होता आणि त्यावर गोळीबार होऊन माणसं मेली होती. अशा गावात मालकाच्या मुलाच्या पैशाने एका कम्युनिस्टाने कामगारांची चित्रं काढायची! भिंती खुल्या झाल्या तेव्हा गहजब झाला. एका वर्तमानपत्राने तर चुना फासून टाका म्हणून लिहिलं. लस टोचण्याच्या चित्रातलं बाळ आणि भोवतीची गाय-घोडा-मेंढी बघून काहींना येशूच्या जन्माची थट्टा वाटली. एड्सेल फोर्ड मात्र चित्रांच्या बाजूने उभा राहिला. दक्षिणेच्या भिंतीवर खाली कोपऱ्यात तो स्वतःही आहे, सुटाबुटात, म्युझियमच्या डायरेक्टरशेजारी.

चुन्यावरून आठवलं. ही चित्रं म्हणजे खरं फ्रेस्को. मदतनिसांनी रात्री चुन्याचा ओला गिलावा करायचा, तोही त्या दिवशी रंगवून होईल तेवढ्याच तुकड्याचा, आणि सकाळी रिव्हेराने पाण्यात घोटलेले रंग त्यावर चढवायचे. गिलावा वाळायच्या आत काम आटोपलं पाहिजे. वाळताना चुना रंगाला पोटात घेतो, म्हणून नव्वद वर्षांनीही रंग तसेच. चुकलं तर खरवडून पुन्हा गिलावा. (आपल्या अजिंठ्याची चित्रं कोरड्या गिलाव्यावरची. पद्धत वेगळी.) हे थोरली आम्हाला फोनवरून वाचून दाखवत होती, आणि आमची नजर बाबांकडे होती.

बाबा चालत चालत दक्षिणेच्या भिंतीपुढे जाऊन थांबले होते. उजवीकडच्या मोठ्या प्रेसपुढे. दोन्ही हात मागे, मान वर. आम्ही जवळ गेलो तरी कळलं नाही. बऱ्याच वेळाने म्हणाले, "आवाज नाही ह्यात."

आधी आम्हाला अर्थ लागला नाही. मग ते हिला समजावून सांगायला लागले, आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा सलग बोलले. शॉपमध्ये शिरलं की आवाज कानाने नाही, पोटाने कळतो. दीडशे टनाचा प्रेस पडला की पायाखालचं काँक्रीट बोलतं. सोळा प्रेस एका ओळीत. घरी आल्यावर रात्री बिछान्यात अंग हलत राहायचं. "डावा कान तर तेव्हाच गेला. उजवा आता गेला."

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. उजवा आता गेला! म्हणजे टीव्हीचा आवाज बंद असायचा तो चालू ठेवून उपयोग नाही म्हणून. नातवंडांना मान हलवायची ती ऐकू आलं नाही म्हणून. तीन महिने एका घरात राहून आम्हाला हे कळू नये! "सांगितलं का नाहीत, बाबा?" हिने मोठ्याने विचारलं. "मशिन घ्यायला लावाल, तुमच्याकडे फार महाग असतं," एवढंच उत्तर.

धाकट्याने तेवढ्यात खालची करडी, छोटी चित्रं शोधून काढली. मुख्य चित्राखाली एका पट्ट्यात कामगाराचा एक दिवस काढलेला आहे: सकाळी घड्याळात कार्ड मारणं, काम, जेवणाची सुट्टी, संध्याकाळी पुलावरून घरी निघालेली माणसं. बाबा त्यातल्या एकेकापुढे वाकले. हॅटवाल्या मुकादमाकडे बोट करून म्हणाले, "हा बरोबर काढलाय. हा सगळीकडे सारखाच असतो."

मग थोरलीने तिचा कागद वाचला. त्यात असं की रिव्हेराने हा प्रेस काढताना अझ्टेक लोकांची देवी कोआत्लिक्वे मनात ठेवली होती. जन्म देणारी आणि बळी घेणारीही. तिने मराठीत सांगताना 'बळी'ला 'गिफ्ट' म्हटलं, पण बाबांना कळलं. म्हणाले, "आम्ही पण कुंकू लावायचोच की. खंडेनवमीला प्रेस धुवून-पुसून घ्यायचा, झेंडूचा हार, नारळ. सोमवारी आहे ना खंडेनवमी?"

आणि थोरलीने, जे आमच्या घरात कुणी कधी विचारलं नव्हतं, ते विचारलं. बाबांच्या डाव्या हाताच्या दोन बोटांची पेरं नाहीत. मुलं लहान असताना त्यांना व्हिडिओ कॉलवर सांगितलेलं होतं, आजोबांची बोटं उंदराने खाल्ली. ती जवळ जाऊन उजव्या कानाशी म्हणाली, "आजोबा, उंदीर नाही ना? खरं सांगा ना."

तिथे मधोमध बाकं आहेत. बाबा बसले.

१९९१ सालची गोष्ट, दिवाळीच्या आधीची. प्रस्तुत लेखक तेव्हा बारा वर्षांचा. प्रेस चालवायला दोन बटणं असतात, दोन्ही हातांनी एकदम दाबायची. म्हणजे प्रेस खाली येताना हात बाहेरच राहतात. पण दोन्ही हात बटणावर ठेवून जॉब भरायला वेळ जातो आणि इन्सेंटिव्ह बुडतो. मग काय करायचं, एका बटणात लाकडाची पाचर मारून ते दाबूनच ठेवायचं. एक हात मोकळा. "सगळेच मारायचे. मीही मारली."

"पैसे कशाला पाहिजे होते?" धाकट्याने विचारलं.

"पैसे कुणाला नको असतात?"

इतकं आम्हाला अंदाजाने माहीत होतं. पुढचं नव्हतं. बोटं गेली तेव्हा शेजारच्या प्रेसवाल्याने सुपरवायझर यायच्या आत पाचर काढून टाकली. चौकशीत बाबांनी सांगितलं की प्रेसने आपोआप दुसरा स्ट्रोक मारला. म्हणजे दोष मशिनचा. म्हणजे दोष मेंटेनन्सचा. त्या शिफ्टच्या फिटरला महिनाभर घरी बसवलं. तो आमच्याच कॉलनीत, दोन गल्ल्या सोडून राहायचा. रविवारी कॅरम खेळायला यायचा. त्यानंतर आला नाही.

आम्हाला ते काका आठवतात. अचानक यायचे बंद झाले तेही आठवतं. आणि आठवतं की त्या दिवाळीत आई पिशवीतून काही बाही घेऊन त्यांच्या घरी जायची आणि कुठे गेली होतीस म्हटलं की "इथेच" म्हणायची.

"आईला माहीत होतं?"

"तिलाच माहीत होतं. ती म्हणायची, जाऊन सांगा त्याला. आज जाऊ, उद्या जाऊ. तो २००६ ला गेला."

आमच्यापैकी कुणालाच काही बोलता येईना. धाकटा त्यांच्या बोटांना हात लावून बघत होता, त्याला परवानगी होती असं दिसलं. समोर शाळेची एक सहल येऊन उभी राहिली, मार्गदर्शक बाई सांगायला लागल्या, आणि आम्ही उठलो.

(हे अंकात लिहू का म्हणून नंतर फोनवर विचारलं. "लिही. त्याचं नाव घालू नको. माझं घातलंस तरी चालेल," म्हणाले. आम्ही दोन्ही घातलेली नाहीत.)

थोरलीचा अर्धा तास व्हायचा होता म्हणून आम्ही बाकीच्या दालनांतून एक चक्कर मारली. व्हॅन गॉगचं १८८७ चं स्वतःचं चित्र आहे, पिवळी हॅट घातलेलं. १९२२ साली घेतलेलं. अमेरिकेतल्या सार्वजनिक म्युझियमने घेतलेलं हे पहिलं व्हॅन गॉग. ब्रॉयगलचं खेड्यातल्या लग्नातल्या नाचाचं चित्र आहे, सव्वाशेच्या आसपास माणसं एकत्र नाचताहेत, वऱ्हाडासारखी. हे सगळं विकायची वेळ आली होती. जुलै २०१३ मध्ये डेट्रॉइट शहराने दिवाळं जाहीर केलं तेव्हा घेणेकऱ्यांची नजर या चित्रांवर गेली, किंमतीही लावून झाल्या. एकीकडे शहराच्या निवृत्त नोकरांची पेन्शन, दुसरीकडे चित्रं. शेवटी खाजगी संस्था, मिशिगन राज्य आणि म्युझियम यांनी मिळून वीस वर्षांत ८१ कोटी डॉलरहून जास्त रक्कम द्यायचं कबूल केलं. ते पैसे पेन्शन फंडांना, आणि चित्रं शहराच्या मालकीतून कायमची बाहेर. तरीही साध्या नोकरांची पेन्शन साडेचार टक्क्यांनी कापली गेलीच, वर महागाईची वाढ बंद.

बाबांना हे ओरडून सांगावं लागलं, त्यामुळे दोन गार्डनीही ऐकलं. बाबांची स्वतःची पेन्शन महिना २१०० रुपये. थोडा विचार करून म्हणाले, "चित्रं विकली असती तर पैसे दोन वर्षांत संपले असते." मग जरा थांबून, "पण साडेचार टक्के कापायला नको होते."

जेवायला आम्ही हॅमट्रॅमकमधून कॉनंट स्ट्रीटने वर गेलो. हे छोटं गाव डेट्रॉइटच्या पोटात आहे. एके काळी सगळं पोलिश, आता बंगाली आणि येमेनी. दुकानांवर बांगला पाट्या, एका काचेमागे मिठाई, दुसरीकडे साड्या. बाबा काच खाली करून बघत होते. इथला डॉज मेन कारखाना १९८० साली बंद पडला. त्याच्या जागेसाठी आणि भोवतीच्या नव्या कारखान्यासाठी चार हजारांवर माणसांची घरं पाडली. तिथे आता विजेच्या गाड्या बनतात.

कॉनंट आणि सिक्स माइलच्या कोपऱ्यावर बडीज आहे. डेट्रॉइटचा चौकोनी पिझ्झा इथे १९४६ साली सुरू झाला. जाड पाव, कडेपर्यंत चीज, आणि टोमॅटोचं सॉस सगळ्यात वर. चीज पॅनच्या कडेला लागून करपतं, ती कड खरी चव. भाकरी तव्याला जरा लागली की तो पापुद्रा आपण आधी तोडतो ना, तसं. आम्ही मश्रूम आणि मिरचीचा मागवला. बाबांनी पहिल्या घासाला चेहरा केला, दुसऱ्याला कडेचा तुकडा उचलला आणि पुढचे तीन तुकडे फक्त कडेचे घेतले.

या पिझ्झ्याची गोष्ट अशी सांगतात की पहिले पॅन हॉटेलचे नव्हतेच. मोटारीच्या कारखान्यात सुटे भाग ठेवायला निळ्या पोलादी पत्र्याचे ट्रे असायचे, ते आणून त्यात पिझ्झा भाजला. हे ऐकल्यावर बाबांचे हात थांबले. "बघू," म्हणाले. धाकट्याने जाऊन वेट्रेसला सांगितलं, आणि तिने हसत आतून एक रिकामा, काळा पडलेला पॅन आणून टेबलावर ठेवला.

बाबांनी तो उलटा केला. कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. "ह्याला सुरकुती येत असणार इथे."

"ब्लँक होल्डरचं प्रेशर वाढवलं तर नाही येत."

"मग फाटेल."

"फाटेल, जर त्रिज्या कमी असेल तर. आम्ही आधी पडद्यावर बघतो, रंग लाल झाला की समजायचं..."

"आम्ही ग्रीस लावायचो आणि कान देऊन ऐकायचो. फाटायच्या आधी पत्रा कुरकुरतो."

पडद्यावर कुरकुर कशी दिसते हे प्रस्तुत लेखक पेपर नॅपकिनवर आलेख काढून सांगत बसला. बाबा मध्येच पेन काढून घ्यायचे आणि दुरुस्त करायचे. दोनदा त्यांचं बरोबर निघालं. पिझ्झा गार झाला. ही आणि मुलं केव्हाच उठून गाडीत जाऊन बसली होती.

पुढच्या आठवड्यात कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. मशिन घेतलं. बाबांनी आधी सांगितल्याप्रमाणे ते महागच निघालं. संप ३० ऑक्टोबरला मिटत आला तेव्हा त्यांनी ती बातमी आवाजासकट बघितली. तिकीट मात्र त्यांनी अलीकडचं करून घेतलंच, दिवाळी इथे केली आणि निघाले. मधल्या दोन शुक्रवारी पुन्हा म्युझियममध्ये नेलं, कारण इंजिनाची भिंत बघायची राहिली होती.

जाताना थोरलीने त्यांना एक डेट्रॉइट पिझ्झ्याचा पॅन घेऊन दिला. चिंचवडला पिझ्झा होईल अशी तिची कल्पना. गेल्या महिन्यात फोनवर विचारलं, केलात का? म्हणाले, बाल्कनीत ठेवलाय, त्यात नट-बोल्ट आणि स्क्रू छान राहतात.